सेक्रेटरीबाई गप्प बसतात

पालक संघाची सभा शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरायची, कारण तिथे बाकांऐवजी स्टुलं होती. स्टुलाला पाठ नसते, तेव्हा माणसं लवकर अवघडतील आणि सभा लवकर आटपेल, असा मुख्याध्यापकांचा हिशेब. या हिशेबात त्यांनी सेक्रेटरीबाईंना धरलं नव्हतं.

सेक्रेटरीबाईंना स्टूल लागतच नसे. त्या उभ्यानं बोलत. आपण थोडक्यात बोलतो असा त्यांचा अगदी प्रामाणिक समज होता, आणि 'थोडक्यात सांगायचं तर' हे शब्द त्यांच्या तोंडून आले की जाणकार पालक खिशातून मोबाईल काढून घरी कळवत, जेवायला थांबू नका.

त्या दिवशीचा विषय मात्र खरंच महत्त्वाचा होता. ज्यांच्या आईबापांना फी झेपत नाही अशा मुलांची निम्मी फी पालक संघानं भरली, तर उरलेली निम्मी संस्था माफ करायची. दोन मुलांची सोय झाली होती. तिसरी जागा अडली होती. लकी ड्रॉ काढून झाला. पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या बायकोला आणि दुसरं त्यांच्या मेव्हण्याला लागलं, त्यामुळे पुढच्या ड्रॉची तिकिटं कुणी हातात धरेना. पालकांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. त्यात आत येताना कुणी पैसे दिले नाहीत, बाहेर पडू द्या म्हणून काहींनी दिले. ते पुरले नाहीत.

ही तिसरी जागा ज्या मुलीसाठी हवी होती, ती शाळेच्या बसमध्ये रोज सगळ्यांच्या आधी चढायची. तिची आई बसमधली मावशी. पोरांना हात धरून चढवणं, उतरवणं, ओकारी आली तर पिशवी धरणं हे तिचं काम. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून पोरगी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळी फेरी करायची. तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे. पोरांनी तिचं नाव टकळी ठेवलं होतं. कुणाच्या दाराशी कुत्रं व्यालं, कुठल्या मुलाच्या डब्यात काय आहे, सगळं तिला ठाऊक आणि ते सगळ्या बसला सांगणं हे तिचं कर्तव्य. शाळेच्या फाटकाशी बस थांबली की पोरं भराभर उतरायची आणि टकळी एकटी रिकाम्या बसमध्ये बसून राहायची. मग बस तिला घेऊन परत फिरायची.

सेक्रेटरीबाईंनी हे एकदा खिडकीतून पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. "तुझ्या मुलीची जागा झाली म्हणून समज," असं त्यांनी बसमावशीला सांगून टाकलं. जागा झाली नव्हती, पैसे नव्हते, सभाही झाली नव्हती. पण बाईंचं तोंड नेहमीच त्यांच्यापुढे चार पावलं चालत असे, आणि त्या मागून धापा टाकत जात.

तर सभेत त्या हेच सगळं थोडक्यात सांगत होत्या. अध्यक्ष हे दातांचे डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडून गप्प बसवायची त्यांना सवय, आणि इथे नेमकं उलटं. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्ही एक दिवस न बोलता राहून दाखवा. तासाला म्हणाल ते देतो मी."

सगळे हसले. मग मागून कुणीतरी हात वर केला, "माझेही लिहा." मग आणखी एकानं. ज्यांनी आजवर शाळेला खडूचा तुकडा दिला नव्हता त्यांची पाकिटं उघडली. एवढा उत्साह पालक संघात कधी कुणी पाहिला नव्हता. सेक्रेटरीबाई खिन्नपणे आकडे टिपून घेत होत्या. सगळ्यात मोठा आकडा शेवटच्या रांगेतून आला. त्यांनी मान वर करून पाहिलं, तर तो हात त्यांच्या नवऱ्याचा होता.

"अहो, तुम्ही?"

"मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे गं," नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाजकार्याचं तेज होतं.

अपमान म्हणावा तर पैसे येत होते. मान म्हणावा तर कशाचा. बाईंनी तावातावानं होकार दिला. शनिवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात.

नियम केले त्यांच्याच इमारतीतल्या वकीलसाहेबांनी. बोलायचं नाही, हे झालंच. लिहायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणं. मान हलवायची नाही, खाणाखुणा नाहीत, "नाहीतर बाई हातवाऱ्यांनी भाषण करतील." आणि मुख्य कलम: सातच्या आत एक शब्द जरी निघाला, तरी कुणी काहीच द्यायचं नाही. सगळे पैसे, नाहीतर शून्य. शिंकेला परवानगी होती, पण अर्थपूर्ण शिंकेला नव्हती.

साक्षीदार कोण? या प्रश्नावर सभेत एकमत व्हायला क्षणही लागला नाही. सासूबाई.

सासूबाईंचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते. दोन भिंतींपलीकडे सुनेनं साखरेचा डबा उघडला की त्या बाहेरून विचारत, "कितवा चमचा?" असा साक्षीदार कोर्टालाही मिळत नाही.

शनिवारी सात वाजले आणि नवरा चहाचा कप घेऊन समोर येऊन बसला. इतका ताजातवाना तो लग्नातही दिसला नव्हता.

"मी म्हणत होतो," तो म्हणाला, "हॉलमध्ये माशांची पेटी आणावी. तुझी काही हरकत?"

ही पेटी तो गेली कित्येक वर्षं आणत होता आणि बाई तितकीच वर्षं ती आणू देत नव्हत्या. त्यांच्या गळ्यात एक मोठं वाक्य तयार झालं, त्याला पोटवाक्यं फुटली, पण बाहेर काही पडलं नाही.

"मौन म्हणजे संमती," नवरा म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

"सूनबाई, डोळे वटारायचे नाहीत," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "खाणाखुणांत धरते मी."

मग समोरच्या वहिनी आल्या. साखर मागायला म्हणून आल्या आणि पडद्यांपाशी थांबल्या. "हे तुम्हीच निवडलेत ना? छान आहेत. दवाखान्यात असतात तसे." थोडं थांबून त्यांनी वाट पाहिली. "तुमच्या त्या लोणच्याबद्दल सगळे विचारतात हं. मी म्हटलं, मीच शिकवलं त्यांना." वहिनींनीही तासाचा आकडा टाकला होता आणि तो आता त्यांना जड वाटू लागला होता, हे उघड होतं. सेक्रेटरीबाईंनी साखर दिली. वाटी जरा जोरात ठेवली गेली. सासूबाईंनी खोकून ताकीद दिली.

वकीलसाहेबांनी तर जिन्यातच सभा घेतली. पाण्याच्या पंपाचं बिल घरटी घ्यावं की माणशी, यावर बाईंनी त्यांना तीन वर्षं रोखून धरलं होतं. आज ते बाईंच्या दारासमोर उभे राहून म्हणाले, "माणशी. कुणाचा विरोध?" दार उघडं होतं. दारात सेक्रेटरीबाई उभ्या होत्या. "विरोध नाही. ठराव मंजूर." वकीलसाहेबांच्या घरी माणसं दोन, बाईंच्या घरी लेकरासकट चार.

दहा वाजायच्या आत आपण माशांची पेटी, लोणच्याची कीर्ती आणि पंपाचं बिल गमावून बसलो, हे बाईंच्या लक्षात आलं. आपण बोलत होतो म्हणून आजवर काय काय अडून राहिलं होतं, याचा त्यांना पहिल्यांदाच अभिमान वाटला. आणि तो सांगायला नेमका आजच उपाय नव्हता.

एवढ्यात शाळेच्या कचेरीतून फोन आला. तो सासूबाईंनी घेतला. तिसऱ्या जागेच्या अर्जावर सेक्रेटरींची समक्ष विचारणा व्हायची राहिली आहे. आज कचेरी अर्धा दिवस. आज झाली नाही तर अर्ज बाद.

झालं. बाईंनी पर्स उचलली, सासूबाईंनी काठी उचलली, आणि साक्षीदार व आरोपी एकाच रिक्षात बसून निघाले. कुठे जायचं ते रिक्षावाल्याला सासूबाईंनीच सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. बाईंना ते दिसत होतं, वळण मागे जात होतं, आणि त्या गप्प होत्या. बोलणाऱ्या माणसाला नरकात काय शिक्षा देत असतील याची त्यांना कल्पना आली.

कचेरीतले हेडक्लार्क हे नियमांवर जगणारे गृहस्थ. पूर्वी कुणी एक सेक्रेटरी 'मी सही केली पण मला कुणी विचारलंच नव्हतं' असं म्हणाला होता, तेव्हापासून समक्ष विचारणेचा नियम निघाला होता. त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "हे सर्व आपल्याला मान्य आहे?"

पंखा फिरत होता.

हेडक्लार्कनी अर्ज पुन्हा वाचला, या वेळी मोठ्यानं.

"तिला ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या. "बोलत नाही फक्त."

"आजारी आहेत?"

"छे. पैसे मिळणार आहेत."

"बोलायचे पैसे घेतात या?"

"गप्प बसायचे."

हेडक्लार्कनी पेन खाली ठेवलं. "आजी, मी तीस वर्षं या खुर्चीत गप्प बसलोय. मला कुणी दिडकी दिली नाही." मग बाईंकडे वळून, "बरं, मान तरी हलवा."

"मान पण बंद आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मग या हजर आहेत हे मी कशावरून समजू?"

इथे 'होय' म्हटलं तर पैसे जातात आणि न म्हटलं तर जागा जाते. सेक्रेटरीबाई त्या टेबलासमोर ताठ बसून होत्या. आयुष्यभर नको तिथे हजारो शब्द उधळले, आणि आज जिथे एकाच शब्दाची गरज तिथे तो खर्चायची सोय नाही. हा न्याय त्यांना फार नेमका वाटला, आणि त्यामुळेच फार लागला.

"मी बोलते तिच्या वतीनं," सासूबाई म्हणाल्या. "मान्य आहे. लिहा."

"आपल्याकडे अधिकारपत्र आहे?"

"कसलं अधिकारपत्र? लग्न होऊन आल्यापासून ही माझ्या वतीनं बोलतेय. 'सासूबाईंना तिखट चालत नाही.' 'सासूबाईंना दगदग सोसत नाही.' 'सासूबाई सिनेमाला येणार नाहीत.' मी दिलं होतं का कधी अधिकारपत्र?" त्यांनी काठी जमिनीवर टेकली. "मला तिखट आवडतं."

सेक्रेटरीबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या वेगळ्या कढईत वेगळी भाजी करत होत्या. आणि हे त्यांना कळायला शाळेच्या कचेरीत तोंड बंद करून बसावं लागलं.

हेडक्लार्क विरघळले असावेत, कारण अधिकारपत्र त्यांनी स्वतःच लिहून दिलं. फक्त सही हवी होती. मग सही म्हणजे लिखाण का, असा प्रश्न निघाला. दातांच्या डॉक्टरांना फोन लागला. मागे कुणाची तरी दाढ यंत्राखाली घरघरत होती. "बाईंची सही मी पाहिलेली आहे," डॉक्टर म्हणाले. "ते लिखाण नाही. चित्र आहे. करू द्या."

अर्ज मंजूर झाला. "पैसे सोमवारी दुपारपर्यंत," हेडक्लार्क म्हणाले. "नाही आले, तर जागा पूर्ण फी भरणाऱ्यांना."

दुपारी घर वेगळंच होतं. माशांची पेटी हॉलमध्ये आली होती. नवरा तिच्यासमोर बसून होता. पण सकाळचं तेज उतरलं होतं. त्यानं एकदा मासा दाखवला, एकदा दुसरा. मग म्हणाला, "घर कसं ओकंओकं वाटतं नाही?" आणि कुणी काही बोलेना तेव्हा स्वतःच उठून रेडिओ लावला. सेक्रेटरीबाईंनी आमटीत तिखट मोकळ्या हातानं टाकलं. सासूबाई नाक पुसत दोनदा आमटी घेऊन जेवल्या.

संध्याकाळ झाली तशी माणसं गॅलऱ्यांत जमू लागली. सामन्याचा शेवट बघायला जमावीत तशी. वकीलसाहेब घड्याळ घेऊन. वहिनी घड्याळाशिवाय, पण जास्त एकाग्र. दातांचे डॉक्टर निकाल द्यायला म्हणून शाळेची पितळी घंटा घेऊन आले. नवरा माशांना सोडून कठड्याशी आला. सासूबाईंची खुर्ची पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, अगदी पंचाच्या जागी. बाईंना सगळ्यांना दिसेल असं खाली अंगणात उभं राहायला सांगितलं होतं. त्या उभ्या होत्या. सात वाजायला थोडीच मिनिटं होती.

आणि फाटकातून बसमावशी आली. मागे टकळी.

बसमावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. 'तिला कळता कामा नये, तिला संकोच होईल,' हा सेक्रेटरीबाईंचाच आग्रह. त्यांनी आयुष्यात पाळलेली ही एकच गुप्तता, आणि तीच आता आडवी आली.

"ताई," बसमावशी हळू आवाजात म्हणाली. वर कुणाला ऐकू जाईल असं ती कधीच बोलत नसे. "तुम्ही म्हणाला होतात त्या जागेचं पुढे काही कळलं का? माझा भाऊ आलाय. तो म्हणतो, इकडे होत नसेल तर पोरीला मी घेऊन जातो, तिकडच्या शाळेत घालतो. त्याची गाडी आत्ताच आहे."

सेक्रेटरीबाई उभ्या राहिल्या. मान नाही, हात नाही, डोळेसुद्धा नाहीत.

टकळी मात्र सुरू होती. "ताई, मी दप्तर बघून ठेवलंय. निळं. त्याला आत पण कप्पा आहे. मी कुठे बसणार? खिडकीशी बसू दिलं तर मला बस येताना दिसेल ना, म्हणजे आईला हात करता येईल. आणि बाई रागावतात का हो? आमचे ड्रायव्हरकाका म्हणतात—"

"गप गं," बसमावशी म्हणाली. तिनं बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "ताई, तुम्ही बोलत नाही, म्हणजे झालं नाही. असू द्या. तुम्ही एवढं तरी केलंत. चांगलं असतं तर तुम्ही फाटकापासून सांगत आला असता."

टकळीनं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि ती गप्प झाली. मध्येच, अर्ध्या वाक्यात. तोंड उघडंच राहिलं होतं, ते हळूहळू मिटलं.

सेक्रेटरीबाईंनी दिवसभर वहिनी सोसल्या होत्या, वकील सोसले होते, मासे सोसले होते. हे त्यांना सोसवेना. बोलकं माणूस गप्प होतं तेव्हा त्याच्या आत काय होतं, याची माहिती आज त्या अंगणात त्यांच्याइतकी ताजी कुणाकडेच नव्हती.

"झालं गं," त्या म्हणाल्या. बारा तास दाबलेला आवाज, तो काही हळू येईना. पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. "झाली तुझी जागा. अर्ज मंजूर झाला. खिडकीशी बस, बाई रागावतात पण मनातून नाही, आणि निळ्या दप्तराला कप्पा असतोच, तो—"

इथे त्यांना कळलं. जे वाक्य बोलल्यामुळेच खोटं ठरतं, नेमकं तेच वाक्य आपण बोललो. तोंडावर हात गेला, पण उशीर झाला होता. सोमवारी दुपारी हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवायला आता त्यांच्याकडे शब्द सोडून काहीही नव्हतं.

सेक्रेटरीबाईंनी हळूच वर पाहिलं. सगळ्या गॅलऱ्या खाली बघत होत्या. टकळी आईचा हात धरून उड्या मारत होती आणि मामाला, ड्रायव्हरकाकांना, सगळ्या जगाला काय काय सांगायचं याची उजळणी करत होती. ते वर स्पष्ट ऐकू जात होतं.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "सात वाजायचेत अजून," त्या म्हणाल्या. "तोवर सूनबाई गप्पच आहे."

"पण आजी," दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं.

"मला मेलीला कुठे ऐकू येतं हल्ली," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही कुणी ऐकलंत का काही?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. त्यांचा आकडा लहान नव्हता. सुटकेची एवढी चांगली संधी वकिलाच्या आयुष्यातही वारंवार येत नाही. त्यांनी खाली पाहिलं. मग मनगटावर पाहिलं. "माझं लक्ष घड्याळात होतं," ते म्हणाले. "आणि कायद्यानं, आवाज येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं."

"माझा मिक्सर चालू होता," वहिनी म्हणाल्या. त्या गॅलरीत होत्या आणि मिक्सर दिवसभर बंद होता.

"मी मासे बघत होतो," नवरा म्हणाला.

राहता राहिले दातांचे डॉक्टर. "माझा धंदाच असा आहे," ते म्हणाले. "समोरच्याचं तोंड उघडं दिसतं. त्यातून शब्दही येतो, हे आम्ही धरतच नाही."

मग ती उरलेली मिनिटं अख्खी इमारत गप्प उभी राहिली. एक टकळी बोलत होती. सात वाजले तशी डॉक्टरांनी घंटा दिली, आणि सेक्रेटरीबाईंना आता रीतसर बोलायची मुभा मिळाली. त्यांनी तोंड उघडलं. आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना काही बोलताच येईना. याचे पैसे मात्र कुणी वेगळे दिले नाहीत.

सोमवारी हेडक्लार्कनी रक्कम जमा करून घेतली आणि विचारलं, "आज बोलता ना?" बाई बोलल्या. कचेरीला त्या दिवशी जेवणाची सुट्टी उशिरा झाली.

बस फाटकाशी थांबते तेव्हा आता ती रिकामी होते. निळं दप्तर सगळ्यांत शेवटी उतरतं, कारण त्याच्या मालकिणीला उतरता उतरता ड्रायव्हरकाकांना आणखी काही सांगायचं असतं. पुढच्या सभेत, चित्रकलेच्या वर्गात, स्टुलांवर, वर्गशिक्षिकेनं तक्रार मांडली: नवी मुलगी हुशार आहे, पण क्षणभर गप्प बसत नाही; पालक संघानं काही करावं. दातांच्या डॉक्टरांनी हळूच पाकिटाकडे हात नेला आणि सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं.

"खबरदार," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या. "थोडक्यात सांगायचं तर—"

पालकांनी मोबाईल काढून घरी कळवलं.